साच्याची चूळ

सांधा हातात आला. हातोडी लागली नाही की पहार लागली नाही. चौकशी अधिकाऱ्याने सबस्टेशनच्या फाटकाच्या खांबाशी खड्डा खणून घेतला, जमिनीतल्या सळईला जोडलेली तांब्याची केबल चिमटीत धरून जराशी ओढली, आणि पिकल्या फळाचं देठ सुटावं तशी ती सुटून आली.

ही अपघातानंतर तिसऱ्या दिवशीची गोष्ट. अकराव्या दिवशी, मंगळवारी, तो सांधा पारदर्शक पिशवीत बंद होऊन अधिकाऱ्याच्या टेबलावर पडला होता आणि टेबलासमोर मेलेल्या माणसाची बायको बसली होती.

तिला गल्लीत सगळे कवळीवाली म्हणत. दातांच्या लॅबमध्ये ती बारा वर्षं कवळ्या आणि धातूचे दात ओतत होती. अकरा दिवसांत ती एकदाही रडली नव्हती. नवव्या दिवशी ती कामावर गेली, कोणाची तरी दाढ ओतली, दिव्यावर बोट भाजून घेतलं. शेजारणीने ओरडून सांगेपर्यंत तिला पत्ता नव्हता.

"हे वाचा," अधिकारी म्हणाला. "तुमच्या सासऱ्यांचा जबाब. मजकूर तयार आहे, सही राहिलीय."

तिने वाचलं. 'फाटकाच्या अर्थिंगचा सांधा क्रमांक सतरा मी केला. त्यात माझ्या हातून चूक झाली. त्या चुकीमुळे माझा मुलगा दगावला.'

"हे त्यांनी सांगितलं?"

"ते काही बोलतच नाहीत. तुमच्या नणंदेच्या नवऱ्याने लिहून आणलं. साइटचे सुपरवायझर तेच ना? चांगला माणूस. सगळी पळापळ तेच करतायत."

"आणि सही केली की?"

"निष्काळजीपणाने मृत्यू. वय बघून कदाचित आत जायची वेळ येणार नाही. पण कागदावर तेच राहणार." त्याने रजिस्टर तिच्याकडे वळवलं. "माझ्यासमोर हे आहे. सांधा सतरा, फाटकाचा बिजागरीकडचा खांब. तारीख चौदा-पाच. हवामान कोरडं. करणाऱ्याची सही, बघा. मी तरी दुसरं काय लिहू?"

सही सासऱ्यांचीच होती. ठसठशीत, शाळकरी अक्षरातली.

प्रकरण तसं दोन ओळींचं होतं. तिचा नवरा त्या सबस्टेशनवर ऑपरेटर. सकाळी नऊ वाजता स्कूटरवर विसरलेला डबा आणायला तो फाटकाकडे आला. त्याच मिनिटाला आत कुठेतरी बिघाड झाला. असा बिघाड झाला की वीज फाटकातून केबलमध्ये, केबलमधून सांध्यात आणि सांध्यातून जमिनीत जायला हवी. त्यासाठीच तो सांधा असतो, दुसरं कुठलंही काम त्याला नसतं. वीज सांध्यापर्यंत आली, सांध्याने तिला खाली जाऊ दिलं नाही, आणि नवऱ्याचा हात कडीवर होता.

"मी हे बघू?"

"पिशवीतून बाहेर काढायचं नाही."

तिने प्लास्टिकवरून अंगठा फिरवला. मन बधिर होतं, अंगठा नव्हता. बारा वर्षांच्या सवयीने तो आपलं काम करत होता.

"भोकं आहेत," ती म्हणाली. "स्पंजासारखी. आमच्याकडे असा दात निघाला तर आम्ही तो पेशंटच्या तोंडापर्यंत जाऊ देत नाही. साच्यात किंवा मालात ओल राहिली की वाफ धातूत अडकते."

"बरोबर. चूक तीच."

"आणि ही कड?"

"कुठली कड?"

"केबल आत शिरते तिथे. अर्ध्या नखासारखी वर आलीय."

"असेल काहीतरी."

"असेल काहीतरी, असं नसतं साहेब. साच्यात खाच असल्याशिवाय मालावर कड येत नाही."

अधिकाऱ्याने घड्याळाकडे बघितलं. त्याच्या टेबलावर आणखी चार फायली होत्या, म्हणजे आणखी चार मेलेली माणसं.

"बाई, शुक्रवारी चार वाजता सही. तोवर तुम्हाला काही सापडलं तर आणा. नाही सापडलं तर त्यांना समजवा. तुमच्या घरातलंच आहे."

*

घरी सासरे खुर्चीत बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड भिंतीकडे. ते हात कोणीतरी बाहेरून आणून ठेवल्यासारखे दिसत होते. चाळीस वर्षं त्या हातांनी अर्थिंगचे सांधे केले होते. साइटवर त्यांना दादा म्हणत, आणि तिथे दादा म्हटलं की दुसरं कोणी समजत नसे.

नणंद स्वयंपाकघरात होती. तिचा नवरा, भावोजी, सासऱ्यांशेजारी स्टूल ओढून बसला होता. तो रोज येई. पाणी देई, औषध देई. आताही पेला त्यानेच पुढे केला.

"घ्या मामा. घोटभर तरी घ्या." मग तिच्याकडे वळून, "भेटला अधिकारी? काय म्हणाला, वहिनी?"

"शुक्रवारी सही."

"तेच बरं. एकदा उरकलं की मिटलं. मामांना आता कोण काय करणार? उगाच सगळ्या साइटची चौकशी लागली तर पन्नास जणांच्या पोटावर पाय येईल." त्याने सासऱ्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आणि तुमचीही एकट्याची चूक नाही, मामा. त्या दिवशी सकाळपासून भुरभुर चालू होती. ओल्यात सांधा फसतोच. कुणाचाही फसला असता."

सासऱ्यांनी पेला तसाच पुढे सरकवला.

पेला परत घेताना त्याची बाही वर सरकली. उजव्या मनगटावर चार-पाच पांढुरके गोल डाग होते, डाळीएवढे.

"हे काय झालं, भावोजी?"

"हे होय? जुनं आहे. तळताना तेल उडालं." त्याने बाही खाली ओढली. "निघतो. हिला संध्याकाळी न्यायला येतो."

तो गेल्यावर ती स्टुलावर बसली.

"बाबा, सतरा नंबर तुम्ही केलात?"

"नाव माझं आहे."

"आठवतोय?"

"सहाशे केले त्या साइटवर. सगळे कुठून आठवणार? सही माझी आहे ना, मग मीच." आवाज सपाट होता. "मीच मारला त्याला. अजून काय विचारायचंय?"

"एकच. तुमच्या साच्याला खाच होती? केबलच्या भोकाच्या कडेला?"

अकरा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मान वळवली.

"माझ्या साच्याला? खाच?"

"सांध्यावर कड आलीय."

"कोण म्हणतं? ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीचं शिस गं. वाकडं बोट लागलं तरी टवका जातो. म्हणून तर मी साचा फडक्यात गुंडाळून नेत होतो, तान्ह्या पोरासारखा. मळ काढायचा तोसुद्धा मऊ ब्रशने. तुझी सासू म्हणायची, माझ्या केसांतून कधी एवढा हात फिरवला नाही." ते थांबले. "खाच असती तर चुळीवर दिसली असती."

"चुळीवर?"

"रोज सकाळी पहिला सांधा टाकाऊ तुकड्यांचा करायचा. रात्रभर साचा ओल पितो. तशीच तांब्याची पावडर भरून पेटवली तर आतला वितळलेला रस तोंडावर उडतो आणि सांध्याला भोकं पडतात. लोक साचा तापवायला नुसती गॅसची टॉर्च फिरवतात. मी टॉर्च तर फिरवायचोच, वर एक पेटवून द्यायचो. साच्याने चूळ भरली की मगच खरं काम. सगळी हसायची. तुझा नवराही हसायचा. म्हणायचा, बाबा, दात घासायलाही शिकवा त्याला, दातांचं माणूस आमच्या घरातच आहे."

ते हसले नाहीत. तीही हसली नाही. पण विनोद त्याचाच होता, आणि क्षणभर खोलीत तो बसून गेला.

"त्या चुळा कुठे जायच्या, बाबा?"

"कुठे जाणार? खाटेखाली."

खाटेखाली तेलाचा जुना डबा होता. दोन्ही हातांनी ओढूनही जेमतेम हलला. आत तांब्याचे बोटभर तुकडे होते, सळईला केबल जोडलेले. प्रत्येकावर आकडे ठोकलेले: दिवस आणि महिना. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या कामाची तपासणी दुसरेच करत आले, त्याने आपली स्वतःची तपासणी खाटेखाली ठेवली होती. कोणी मागितली नव्हती. कोणी विचारलंही नव्हतं.

तिने फरशीवर कागद पसरला आणि त्या साइटच्या चुळा ओळीने मांडल्या. दात मांडतात तशा. चौदा-पाच सापडली. अंगठा फिरवला. केबलच्या तोंडाशी गुळगुळीत. पंधरा-पाच, गुळगुळीत. वीस, एकवीस. शेवटची बावीस-पाच.

"बावीसनंतर?"

"चोवीसला डोळ्याचं ऑपरेशन. बावीसला संध्याकाळी साचा पुसून भांडारात जमा केला. नंतर त्या साइटवर पाऊल टाकलं नाही."

बावीस-पाचच्या चुळेवरून तिने अंगठा तीनदा फिरवला. कड नव्हती.

*

बुधवारी सकाळी ती साइटवर गेली. पत्र्याचं भांडार फाटकाला लागूनच होतं. भांडारवाला गोल, बोलका माणूस. कोणी ऐकणारं मिळालं की त्याला खुर्ची सुचे.

"बसा, बसा वहिनी. काय सांगू, तो रोज इथून जाताना विचारायचा, 'शेठ, आज काय चोरीला गेलं?' आता कोणी विचारत नाही."

"चोरीला जातं का?"

"माझ्या वहीतून? खिळा जात नाही."

"मग बाबांचा साचा दाखवा."

त्याने वही उघडली. साचा क्रमांक तीन. बावीस-पाचला जमा. पुढे ओळी कोऱ्या. "दादांनंतर कोणी हात लावलेला नाही. दुसरा जोडारी आमच्याकडे आहेच कुठे? लागला तर बाहेरून बोलवायचा, तो आपला साचा आणतो."

साचा वरच्या फळीवर होता. फडक्यात नव्हता. तिने तो उजेडाकडे धरला. केबलच्या भोकाच्या कडेला टवका उडाला होता. अर्ध्या नखाएवढा.

"हे असंच आलं होतं बावीसला?"

भांडारवाला वाकला. चष्मा वर केला, खाली केला. "नाही बुवा. दादा मला दर वेळी दाखवून जमा करायचे. मी चेष्टेने म्हणायचो, लग्नाची मुलगी आहे का? हे… हे कधी झालं?"

"तुमच्या वहीत खिळा जात नाही ना?"

"वहिनी, टोमणे मारू नका. भांडाराच्या चाव्या दोन. एक माझी. रविवारी मला सुट्टी."

"दुसरी?"

"सुपरवायझरकडे. तुमच्याच घरात."

तिने पर्समधून लॅबची, दातांची मापं घ्यायची पुट्टी काढली. निळा मसाला पांढऱ्यात मळला आणि साच्याच्या खाचेत दाबला. घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात. तिने बाहेर बघितलं. फाटकाच्या बिजागरीच्या खांबाशेजारी कुंपणाची जाळी दोन हात रुंद चकाकत होती. बाकीचं सगळं कुंपण राखाडी पडलेलं.

"ती जाळी नवी आहे?"

"ती होय! फाटक सरकवलं ना. मोठा ट्रान्सफॉर्मर आला होता, दोन-सहाला, शनिवारी. ट्रेलर वळणावर अडकला. वर भुरभुर पाऊस, चाकं रुतलेली, ड्रायव्हर शिव्या घालतोय. खांब आडवा येत होता. मी संध्याकाळी घरी गेलो, सोमवारी येऊन बघतो तर खांबासकट फाटक तीन फूट डावीकडे, आणि उरलेल्या जागेत नवी जाळी. सोमवारी दुपारी साइट ताब्यात द्यायची होती ना, वरचे साहेब येणार होते. एका रविवारात केलं सगळं. सुपरवायझर म्हणजे वाघ आहे हो कामाला."

"पाऊस रविवारी पण होता?"

"दोन्ही दिवस. भुरभुर नुसती, पडतही नाही आणि थांबतही नाही."

पुट्टी घट्ट झाली होती. तिने ती सोडवली. खाचेची आता कड झाली होती. अर्ध्या नखाएवढी.

*

गुरुवारी सकाळी नणंद आली आणि सरळ ओट्याशी उभी राहिली. सासऱ्यांसाठी मऊ भात लावत होती.

"ताई, भावोजींच्या हाताला भाजलंय ना? तळताना म्हणे."

"तळताना? यांनी?" नणंद दमलेली होती, तरी हसली. "अगं वहिनी, यांना गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते माहीत नाही. चहा थंड झाला तर गरम करायला मला झोपेतून उठवतात. ते साइटवर भाजलं. जूनमध्ये कधीतरी. रविवारचेसुद्धा गेले होते, आले ते शर्टाला भोकं पाडून. विचारलं तर अंगावर ओरडले."

"शर्ट टाकला?"

"पोछा केला. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली. नणंदेच्या हातातून चमचा घेतला आणि भात हलवत राहिली. आपल्याला या बाईची दया यायला हवी, असं तिला वाटलं. दया आली नाही. काहीच आलं नाही. भात खाली लागला.

दुपारी ती अधिकाऱ्याकडे गेली. पुट्टीचा तुकडा पिशवीशेजारी ठेवला. अधिकाऱ्याने आधी एक बघितला, मग दुसरा, मग टेबलाच्या खणातून भिंग काढलं. 

"उद्या सही माझ्या ऑफिसात नको," शेवटी तो म्हणाला. "फाटकाशी घेऊ."

*

शुक्रवार. चार वाजता ऊन तिरपं झालं होतं. फाटकाशी पाच माणसं उभी होती: अधिकारी, भांडारवाला, सासरे, भावोजी आणि ती. भावोजीने सासऱ्यांसाठी खुर्ची मागवली होती. खिशात पेनही आणलं होतं, न विसरता.

"साहेब, इथे उन्हात कशाला? मामांना त्रास होतो."

"पाचच मिनिटं. बाईंना काही विचारायचंय."

तिने रिक्षाने आणलेला खाटेखालचा डबा उघडला आणि भांडाराच्या पायरीवर चुळा मांडल्या. मोठ्याने बोलायची तिला सवय नव्हती. ती कवळी बसवताना बोलतात तशी बोलली, हळू आणि तुटक.

"भावोजी, तुम्ही मंगळवारी म्हणालात, त्या दिवशी भुरभुर होती. कुठल्या दिवशी?"

"कुठल्या म्हणजे? सांधा केला त्या दिवशी."

"रजिस्टरात चौदा-पाचचं हवामान कोरडं लिहिलंय. खाली तपासणाऱ्याची सही तुमची आहे."

"अहो वहिनी, पाच महिने झाले. पावसाचं कोणाला आठवतं?"

"तुम्हाला आठवत होतं. फक्त दिवस दुसरा होता."

भावोजी हसला. अधिकाऱ्याकडे बघून हसला. अधिकारी हसला नाही.

"हा चौदा-पाचचा तुकडा. बाबांनी त्या सकाळी याच साच्यात केलेला. केबलच्या तोंडाशी हात लावा, साहेब. गुळगुळीत. हा बावीस-पाचचा, बाबांचा शेवटचा दिवस. हाही गुळगुळीत. आता पिशवीतला. कड आहे. शेठ, साचा आणा."

भांडारवाल्याने साचा आणला. आज फडक्यात गुंडाळून आणला. अधिकाऱ्याने पिशवीचं सील तोडलं, सांधा बाहेर काढला आणि उघड्या साच्यात ठेवला. कड खाचेत बसली. कुलपात किल्ली बसावी तशी, आवाज न करता.

"साचा हाच आहे," ती म्हणाली. "पण सांधा बाबांचा नाही. बाबांनी साचा जमा केला तेव्हा खाच नव्हती. खाच पडली आणि मग हा सांधा झाला. म्हणजे बावीस-पाचनंतर. साचा वहीत कोणाला दिलेला नाही, म्हणजे वहीवाल्याच्या सुट्टीत घेतला. दुसरी चावी तुमच्याकडे."

"चावी असली म्हणजे काय झालं? आणि सतरा नंबर रजिस्टरात आहे की! मामांच्या नावावर!"

"आहे. रजिस्टर खोटं नाही. रजिस्टर जुनं आहे." ती चकाकत्या जाळीकडे वळली. "तीन-सहाला रविवारी तुम्ही हे फाटक तीन फूट सरकवलंत. बाबांची केबल तिथवर पुरेना, म्हणून ती कापली. नवी सळई ठोकली. सोमवारी ताबा द्यायचा होता, बाहेरचा जोडारी दोन दिवस आधी सांगितल्याशिवाय येत नाही. तुम्ही बाबांना शंभरदा बघितलं होतं. वाटलं, यात काय आहे? पावडर भरायची आणि पेटवायची. करवतीने कापलेल्या केबलच्या तारा फुलल्या होत्या, भोकात जाईनात. तुम्ही ठोकून घातल्या. तिथे टवका उडाला. केबल ओली, साचा ओला. टॉर्च फिरवली नाहीत. चूळ भरली नाहीत. पेटवलंत, आणि आतला रस तुमच्या हातावर आला."

भावोजीचा डावा हात आपोआप उजव्या मनगटावर गेला. त्याच्याही ते लक्षात आलं, पण उशिरा.

"तेल उडालं म्हणालो ना मी!"

"ताई म्हणाल्या, तुम्हाला गॅस पेटवता येत नाही. त्या शर्टाचा त्यांनी पोछा केलाय. भोकं अजून आहेत."

 आत ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता, तो कोणासाठीच थांबत नाही.

"दातांची मापं," भावोजी म्हणाला.  "साहेब, ही बाई कवळ्या बनवते. हे कुठल्या कोर्टात टिकणार?"

"टिकायची गरज नाही," ती म्हणाली. "साहेबांनी खांबाशी खणलं. खांब आता आहे तिथे. आधी होता तिथे कोणी खणलंच नाही. एका रविवारात फाटक सरकवणारा माणूस आठ फूट खोल सळई उपटत बसत नाही. बाबांचा सतरा नंबर या नव्या जाळीखाली असेल. खणा."

अधिकाऱ्याने मान हलवली. भांडारवाल्याने कुदळ उचलली. पहिला घाव बसला आणि भावोजी सासऱ्यांसाठी आणलेल्या खुर्चीत स्वतःच बसला.

"थांबा," तो म्हणाला. "नका खणू. मी केलाय."

भांडारवाला थांबला नाही.

"एक सांधा हो," भावोजी म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळत नव्हतं. "एक. वरून फोनवर फोन येत होते. ताबा दिला नाही तर साइट काढून घेऊ म्हणाले. मला वाटलं, फाटकच तर आहे. आतलं मशीन थोडंच आहे? वर खडी टाकली, रंग मारला, साहेब लोक आले, फोटो काढून गेले. रोज त्या फाटकातून मीसुद्धा ये-जा करत होतो, वहिनी. मी पण हात लावत होतो."

"माहीत आहे."

"मला मारायचं नव्हतं त्याला."

"ते मी विचारलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही तो कागद लिहिलात. बाबांच्या नावाने लिहिलात. 'माझ्या हातून चूक झाली.' शब्द तुमचेच होते. तुम्ही फक्त सही त्यांची मागितलीत. आणि रोज येऊन त्यांना पाणी पाजलंत."

भावोजीने खिशातलं पेन काढून मांडीवर ठेवलं.

 सासरे पुढे आले, साच्यातला सांधा उचलला, अंगठा फिरवला. भोकांवरून. कडेवरून. वाईट बातमी वाचावी तसा त्यांनी तो वाचला.

"मला का नाही बोलावलं?" ते म्हणाले.

त्यांनी सांधा परत साच्यात ठेवला.

"डोळ्याला पट्टी होती तरी आलो असतो. खुर्चीवर बसून सांगितलं असतं. नुसता साचा तापव, एवढं सांगायला डोळे लागत नाहीत रे."

"डॉक्टरांनी तुम्हाला घराबाहेर पडू नका सांगितलं होतं, मामा," भावोजी म्हणाला. आणि तो रडायला लागला, मोठ्याने, पोटातून. तिथे रडणारा तो एकटाच होता.

अधिकाऱ्याने तयार जबाब फायलीतून काढला, दोनदा फाडला आणि तुकडे खिशात ठेवले. मग कोरा कागद आणि भावोजीचंच पेन घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. "तुमच्या शब्दांत," तो म्हणाला. "या वेळी सहीसुद्धा तुमची."

घरी जाऊन नणंदेला सांगायचं होतं. ते काम कवळीवालीचंच होतं, दुसरं कोणी करणार नव्हतं. तिने ते मनात एका बाजूला ठेवलं.

दोन फुटांवर कुदळ कशाला तरी लागली.

भांडारवाल्याने हाताने माती बाजूला केली. सळईचं डोकं वर आलं, त्याला चिकटलेली वीतभर केबल, टोकाला करवतीने कापलेली. मध्ये सांधा. मातीने काळवंडलेला, पण भरीव, गोल, एकही भोक नसलेला. केबलच्या तोंडाशी गुळगुळीत. सळईच्या डोक्यावर आकडा ठोकला होता: सतरा.

सासरे गुडघ्यांवर बसले. डोळ्याच्या ऑपरेशननंतरची वाकायची मनाई आता संपली होती. शर्टाच्या टोकाने त्यांनी सांधा पुसला, तेव्हा आतून पिवळसर तांबूस चमक आली. मग डब्याच्या तळाशी हात घालून त्यांनी लहान हातोडी काढली. प्रत्येक सांध्याला ते तीन घाव घालत, तपासायला.

एक. दोन. तीन. सांधा हलला नाही. प्रत्येक घावाला सळईने खालपर्यंत आवाज नेला आणि जमिनीने तो घेतला.

"हा सतरा," ते म्हणाले. "हा माझा."

मग त्यांनी हातोडी तिच्यापुढे धरली. "तू मार."

"मला येत नाही, बाबा."

"मार गं. जोरात."

तिने मारली. साऱ्या अंगाचा जोर लावून मारली. सांधा जागच्या जागी राहिला आणि घाव उलटा तिच्या हातात आला. मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात झिणझिण्या चढल्या. हातोडी खाली पडली. तिने तळहात उघडून बघितला. तो लाल झाला होता.

"दुखतंय," ती म्हणाली. जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "बाबा, दुखतंय."

सासऱ्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तो गार पडेपर्यंत सोडला नाही.